मशीन बसवलंय, माणसाला बसवू नका

साताऱ्याला किंवा कराडला पेसमेकर बसवून माणूस वडूजला परतला की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि त्यांच्यासोबत सल्ल्यांचीही. ‘मोटर चालू करायची नाही’, ‘हात वर न्यायचा नाही’, ‘आता नुसतं बसून राहा.’ यात खरं किती?

गैरसमज : आता हृदय मशीनवरच चालतं.
वस्तुस्थिती : आकुंचन पावतं ते हृदयच. साधारण २०-३० ग्रॅमची डबी खांद्याखाली कातडीच्या आत बसवतात. तिची तार ठोक्यांवर नजर ठेवते आणि ठोका चुकला किंवा मंदावला की बारीकसा विद्युत इशारा देते. रक्तवाहिनीतला अडथळा मात्र ती दूर करत नाही. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत.

गैरसमज : तो हात जन्मभर जपायचा.
वस्तुस्थिती : तार आत पक्की होईपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. पण हात अंगाशी धरून ठेवला तर खांदाच आखडतो. पुढे डॉक्टरांना विचारून खुरपणी, धार काढणं, सगळं करता येतं.

गैरसमज : विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही.
वस्तुस्थिती : मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह खुशाल वापरा. स्टार्टरचं बटण दाबून विहिरीवरची मोटरही सुरू करा; पेटी उघडून तारांत हात मात्र घालू नका. इंडक्शन शेगडी आणि चालू जनरेटरपासून छाती दोन फूट लांब ठेवा, मोबाइल सहा इंच. रानडुकरांसाठी लावलेल्या झटक्याच्या तारेला शिवू नका. वेल्डिंगचं काम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गैरसमज : बॅटरी संपली की खेळ संपला.
वस्तुस्थिती : बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं टिकते. ती उतरत चालल्याचं नेमाच्या तपासणीत आधीच कळतं आणि बहुतेक वेळा फक्त डबी बदलावी लागते. १९५८ मध्ये स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर काही तासच चालला. पुढे एकूण २६ पेसमेकर वापरून ते ८६ वर्षं जगले.

गैरसमज : पेसमेकरमुळे शेवटी जीव अडकून राहतो.
वस्तुस्थिती : स्नायूच थकला की इशाऱ्याला ओ द्यायला कोणी उरत नाही. दहनाआधी मात्र डबी काढून घ्यावीच लागते. आगीत बॅटरी फुटते. अमेरिकेत मृतांच्या शरीरातून काढलेले, निर्जंतुक केलेले पेसमेकर मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरजूंना बसवले गेले आणि ते नीट चालल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

छातीवरच्या खिशातला मोबाइल तेवढा दुसरीकडे हलवा आणि त्या जागी पेसमेकरचं कार्ड ठेवा. एमआरआय करता येईल का, हे त्यावरूनच डॉक्टर ठरवतात. कार्ड खिशात असलं की माणसाला रानात जाऊ द्या; मशीन बसवलं ते त्यासाठीच.