गाणे कोणाचे?
लोहाऱ्याच्या विहारातील एक वाद आणि एक वही

वर्षावासाचे दिवस होते. यवतमाळ शहराला लागूनच असलेल्या लोहारा येथील विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे त्या सायंकाळचे वाचन संपले. सरणत्तय झाले, खीरदान झाले. माता-भगिनी लेकरांना घेऊन घराकडे निघाल्या. आम्ही त्या दिवशी पाहुणे म्हणून गेलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता आणि नेहमीप्रमाणे पाच-सहा मंडळी ओट्यावर रेंगाळली होती. कुणीतरी मोबाईलवर प्रल्हाद शिंदे यांचे एक भीमगीत लावले आणि वादाला तोंड फुटले.

एमआयडीसीत कामाला असलेले एक भाऊ म्हणाले, "असा आवाज पुन्हा होणे नाही. खड्या आवाजाचा बादशहा!"

निवृत्त गुरुजींना ते पटले नाही. "आवाज मोठा होताच. पण विठ्ठल उमपांचे काय? शाहिरी, कव्वाली, भारूड, अभिनय, सगळे एकाच माणसात. शेवटी गेले तेसुद्धा मंचावरूनच." गुरुजींचे खरे होते. शाहीर उमप यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच जगाचा निरोप घेतला.

"अन् आपल्या नागोराव पाटणकरांचं नाव काहून घेत नाई कोनी? विदर्भाचा मानूस म्हून?" तिसरे एक मामा तडकले.

कॉलेजात शिकणारा एक मुलगा इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "मामा, गायक किती का मोठा असेना, कंपनीनं कॅसेट काढली नसती तं तुमाले कोनं ऐकवलं असतं?"

यावर एकच गलका झाला. कोणी ग्रामोफोन कंपनीची बाजू घेतली, कोणी गुलशन कुमार यांची. तेवढ्यात भांडी आवरून निघालेल्या एक आजी दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "थे गाणं कोनं लिवलं, थे तं सांगा आधी."

ओटा गप्प झाला. गाणे सर्वांना पाठ होते. कवीचे नाव एकालाही सांगता आले नाही.

सातासमुद्रापारचा असाच वाद

त्या रात्री परतताना आम्हाला अमेरिकेतल्या जाझ संगीताच्या चाहत्यांची आठवण झाली. जाझ हे तिथल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत. गुलामगिरीतून सुटलेल्या, पण माणूस म्हणून न स्वीकारल्या गेलेल्या समाजाच्या पोटातून ते आले. त्या समाजाशी आपले नाते जुने आहे. १९४६ साली परमपूज्य बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली होती. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव घेतले तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच.

या जाझचे चाहते आपल्या ओट्यावरच्या मंडळींसारखेच वादपटू. कोणता वादक मोठा, यावर त्यांच्या रात्री सरतात. आणि वादकांइतकाच वाद ते तबकड्या काढणाऱ्यांवर घालतात. नॉर्मन ग्रँझ या निर्मात्याने काळ्या-गोऱ्यांना वेगळे बसवणाऱ्या सभागृहात कार्यक्रम करायचे नाकारले, म्हणून त्याचे नाव आदराने निघते. ब्लू नोट ही कंपनी १९३९ साली सुरू झाली. जर्मनीतून आलेले दोन ज्यू मित्र ती चालवीत आणि ध्वनिमुद्रणाआधीच्या सरावाचेही पैसे कलावंतांना देत. तेही लोक विसरलेले नाहीत.

पण दुसरी बाजूही त्याच वादात निघते. बेसी स्मिथ ही त्या काळची गाजलेली गायिका. तिच्या तबकड्या कंपनीने अमाप विकल्या, पण तिला दर गाण्याचे ठरलेले पैसे तेवढे मिळाले. खपातला वाटा मिळाला नाही. चार्ल्स मिंगस या वादकाची गोष्ट तर आपल्याला अधिक जवळची वाटेल. १९५७ साली आर्कान्सा राज्याच्या फॉबस नावाच्या राज्यपालाने नऊ कृष्णवर्णीय मुलामुलींना शाळेत जाऊ दिले नाही. मिंगसने त्याची टर उडवणारे गाणे रचले. १९५९ साली मोठ्या कंपनीने फक्त सुरावट छापली, शब्द घेतले नाहीत. पुढल्या वर्षी एका छोट्या कंपनीने ते शब्दांसह ध्वनिमुद्रित केले. सूर सर्वांना चालतात, शब्द टोचतात, हे चळवळीच्या गाण्यांच्या बाबतीत सगळीकडे सारखेच!

आता मुद्द्याची गोष्ट. जुन्या जाझ तबकडीवर बहुधा एकट्या बँडप्रमुखाचे नाव छापलेले असे. बाकीचे वादक कोण, हे ठाऊक नसे. चाहते भांडत, हा आवाज अमक्याच्या कॉर्नेटचा, तो तमक्याचा. त्या भांडणातून पॅरिसच्या शार्ल दलोने या चाहत्याने १९३६ साली एक पुस्तकच काढले. कोणती तबकडी, केव्हा वाजवली आणि कोणी कोणी वाजवली, याची ती यादी होती. कंपनीने जे लिहिले नाही, ते ऐकणाऱ्यांनी लिहिले.

फार दूर कशाला? आपल्या मुंबईतही जाझ होते. ताजमहाल हॉटेलात वाजवणारे गोव्याचे वादक दिवसा हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत काम करीत. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र आणि नायक भगवानदादा, दोघेही मराठी. त्यातल्या नाचऱ्या सुरावटींमागे चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवाल्याचा हात होता. गाणी घरोघर गेली. परंतु अशा कित्येक वादकांची नावे पडद्यावर कधी आलीच नाहीत.

शेवटच्या अंतऱ्यातले नाव

आपल्या कवींनी मात्र यावर फार पूर्वीच उपाय काढून ठेवला होता. तो म्हणजे शेवटच्या अंतऱ्यात स्वतःचे नाव गुंफणे. संत चोखोबांनी ते केले, शाहिरांनी केले आणि लोककवी वामनदादा कर्डक यांनीही केले. ज्याच्याकडे छापखाना नाही, वकील नाही, त्याची ही सही आहे. गाणे वाऱ्यावर गेले तरी सही त्याच्यासोबत जाते.

वामनदादांचा जन्म १९२२ साली नाशिक जिल्ह्यातील देशवंडीचा. शाळा पाहिली नाही. अक्षरे शिकले ती मोठेपणी, मुंबईत. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. पुढे हजारो गाणी लिहिली. लोहाऱ्याच्या ओट्यावर त्या मुलाने विचारले होते, "चाल पिक्चरची अन् शब्द आपले, मंग थे गाणं अस्सल कसं?" जाझवाल्यांनाही हाच प्रश्न विचारला जाई. चार्ली पार्करने १९४५ साली एका लोकप्रिय गाण्याचा स्वरांचा सांगाडा तेवढा घेऊन त्यावर नवीच धून उभारली आणि संगीताची दिशा बदलली. आपल्या कवींनी उलट केले. चाल लोकांच्या ओठांवरची घेतली आणि तिच्यात बाबासाहेब भरले. ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही गाणे एका रात्रीत पाठ झाले. जलशांच्या काळापासून हेच तंत्र चालत आले आहे. जलशांचे आद्य शाहीर भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा वेगळे, हेही इथे सांगून ठेवतो. कारण त्या मुलाला दोघे एकच वाटत होते!

मग सही हरवली कुठे? याचे एक कारण यंत्रात आहे. गावच्या कार्यक्रमात गाणे पंधरा मिनिटे चाले. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. कात्री लागली की धोका पहिला शेवटच्या अंतऱ्याला. आज मोबाईलवर तर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. मुखडा सगळे ऐकतात, सहीपर्यंत कोणी पोहोचत नाही.

कंपनी की कॅसेट?

त्या मुलाचा मुद्दाही टाकाऊ नाही. तबकड्यांच्या काळात देशात प्रामुख्याने एकाच ग्रामोफोन कंपनीचे राज्य होते. कोणाचा आवाज छापायचा हे तिचे अधिकारी ठरवीत. तबकडी आणि ती वाजवण्याचे यंत्र गरिबाच्या आवाक्याबाहेर होते. १९८० नंतर कॅसेट आली आणि चित्र पालटले. दिल्लीत फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या घरातील गुलशन कुमार यांनी स्वस्त कॅसेटी थेट पानटपरीवर आणि किराणा दुकानात नेऊन ठेवल्या. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली. कायद्यातील फट शोधून दुसऱ्यांची गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली, असे म्हटले गेले. १९९७ साली मुंबईत त्यांचा खून झाला. परंतु कॅसेटीने एक काम निश्चित केले. थोड्या भांडवलात कोणालाही कॅसेट काढता येऊ लागली आणि भीमगीत दीक्षाभूमीच्या व चैत्यभूमीच्या स्टॉलवरून पिशवीत बसून खेड्यात आले. यवतमाळहून नागपूरला गेलेले बांधव ग्रंथ आणि कॅसेट घेतल्याशिवाय परतत नसत. लोहाऱ्यातही अनेक घरांत ती पिशवी अजून माळ्यावर आहे.

मात्र कॅसेटीचा धंदा एकरकमी पैशांवर चाले. गाणे दिले, पैसे घेतले, विषय संपला. पुढे लाख प्रती खपोत, कवीच्या घरी त्याची वार्ता नसे. २०१२ साली प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा कायद्याने राखला गेला. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या वारसांचा हक्क राहतो. पण हक्क मागायचा तर गाणे कोणाचे हे आधी सिद्ध करावे लागते. नावच हरवले, तर कायदा काय करणार?

प्रल्हाद शिंदे आणि पंढरीची वाट

ओट्यावरचा सर्वांत कडू वाद अजून सांगितलाच नाही. मामा म्हणाले होते, "ज्या गळ्यानं बाबासाहेब गायले, त्याच गळ्यानं पंढरीची वाट गायली. बावीस प्रतिज्ञांचं काय?" एमआयडीसीतले भाऊ संतापले. "पोट कोनं भरलं असतं त्यांचं? तुमी भरलं असतं काय?"

दोघांचेही दुःख खरे आहे. भक्तिगीतांना बाजार होता, कंपनी ती मागत होती. भीमगीताला रात्र जागवणारा श्रोता होता, पण त्याच्या खिशात पैसा नव्हता. आम्ही कोणाला दोष देत नाही. आम्ही फक्त एक प्रश्न विचारला, "पंढरीची वाट हे गाणे लिहिले कोणी?" इथेही ओटा गप्पच! शब्द दत्ता पाटील यांचे. म्हणजे विसर भीमगीतालाच पडतो असे नाही. गाणाऱ्याच्या मोठ्या आवाजाखाली लिहिणारा सगळीकडेच झाकला जातो.

आणि हे पाहा. आपल्या विहारांतून सुरेश भट यांची भीमवंदना अगणित वेळा गायली जाते. अमरावतीत जन्मलेला हा गझलेचा बादशहा, पुढे बौद्ध धम्म स्वीकारलेला. वंदना म्हणणाऱ्या किती लेकरांना ती त्यांची आहे हे ठाऊक आहे?

आजींची वही

वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. प्रल्हाद शिंदे त्याच वर्षी २३ जूनला. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. पुस्तकात नाही ते तिच्या डोक्यात आहे.

पुढच्या पौर्णिमेला आम्ही पुन्हा लोहाऱ्याला गेलो. वाद चालूच होता, पण आता मध्ये दोनशे पानी वही होती. गुरुजींनी रकाने आखले होते: गाणे, कवी, चाल, गायक, कॅसेट, कोणी सांगितले. मुलाने माळ्यावरच्या कॅसेटी उतरवून वेष्टनावरची नावे उतरवली होती. काही फितींना बुरशी लागली होती, पण वेष्टने शाबूत होती. आणि आजी? त्यांना लिहिता येत नाही. त्या पाळणे, लग्नातली गाणी, जयंतीची गाणी म्हणत होत्या. मुखड्यावर थांबत नव्हत्या, थेट शेवटच्या अंतऱ्यापर्यंत जात होत्या. सही आली की म्हणत, "हं, लिव आता."

एक नियम मात्र मंडळींनी कडक ठेवला. खात्री नसेल तिथे रकाना कोरा सोडायचा, अंदाजाने नाव टाकायचे नाही. एकाचे गाणे दुसऱ्याच्या नावावर जाणे हाही अन्यायच.

उपासक-उपासिकांना आमची विनंती एवढीच. वाद जरूर घाला. ज्या समाजात गाण्यावरून भांडण होते तो समाज जिवंत आहे. परंतु भांडणात वही मध्ये ठेवा. घरातल्या आजीला शेवटचा अंतरा विचारा. विहारात लेकरू गाणे म्हणायला उभे राहिले की त्याला आधी कवीचे नाव घ्यायला शिकवा. त्याला पैसा लागत नाही, कंपनी लागत नाही.

लोहाऱ्याच्या वहीत आम्ही पाहिले तेव्हा एकेचाळीस गाणी झाली होती. त्यांतले सतरा कवींचे रकाने अजून कोरे आहेत. आणि ज्या गाण्यावरून वाद पेटला, ते त्या सतरांतच आहे.

जयभीम!