लहान इंजिन, खरी वाफ

जबलपूर येथे दोन मापांचे लोहमार्ग दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदले. अलाहाबादेकडून येणारा साडेपाच फूट रुंदीचा मार्ग १८६७ साली तेथे पोहोचला. १८७० साली इटारसीकडील मार्ग त्यास मिळाला आणि मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत अखंड रूळ झाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नैनपूरमार्गे, सातपुड्यातून वळणे घेत, अडीच फुटांचा अरुंदमापी मार्ग आला. त्यावरील वाहतूक २०१५ साली थांबली व त्या जागी रुंद रूळ घालण्यात आले. वाफेची इंजिने तर दोन्ही मार्गांवरून त्यापूर्वीच नाहीशी झाली होती.

या गावी १९०४ साली स्थापन झालेली गन कॅरेज फॅक्टरी आहे, त्यामुळे लेथ आणि कानस यांवर हात बसलेली माणसे तेथे थोडी नाहीत. अशा एखाद्या कसबी फिटरने निवृत्तीनंतर घरीच वाफेचे लहान इंजिन करावयाचे ठरविले, असे समजू. ते कपाटात मांडून ठेवावयाचे नाही. त्यात खरा कोळसा जळावा, खरे पाणी उकळावे आणि मागील डब्यांवर बसलेल्या माणसांस त्याने ओढून न्यावे, अशी अट आहे. पुण्यातील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयातील गाड्या विजेवर धावतात. त्या करण्यातही मोठे कौशल्य आहे, परंतु तो छंद निराळा. येथे इंजिनाचे शरीर लहान असले तरी त्याचा प्राण मोठ्या इंजिनाचाच असावा लागतो.

पहिला प्रश्न नमुन्याचा. परसात घालावयाचे रूळ पाच इंच मापाचे धरू. हे माप या छंदात रूढ आहे. रुंदमापी मार्गावरील प्रसिद्ध डब्ल्यू. पी. जातीचे इंजिन निवडल्यास सर्व मापे १३.२ पटींनी लहान करावी लागतील. या जातीची पहिली इंजिने अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून १९४७ साली आली होती. त्यांचे पाच फूट सात इंच व्यासाचे चाक सुमारे पाच इंचांचे होईल आणि सव्वावीस इंची सिलिंडर अवघा दीड इंचाचा. उलट अरुंदमापी मार्गावरील इंजिन निवडल्यास त्याच पाच इंची रुळांसाठी मापे केवळ सहा पटींनी कमी होतात. म्हणजे जे इंजिन प्रत्यक्षात धाकटे होते, ते परसातील रुळांवर थोरले ठरते! अनुभवी हौशी लोक अरुंदमापी नमुन्यांकडे वळतात, त्याचे कारण हेच. मात्र वजनाचा विचार अवश्य करावा. लांबी १३.२ पटींनी घटली की वजन सुमारे २,३०० पटींनी घटते. शंभर टनांचे इंजिन ४४ किलोग्रॅमांचे होते व दोन माणसे ते उचलू शकतात. सहाव्या हिश्श्याने केलेले पंचवीस टनांचे इंजिन मात्र ११५ किलोग्रॅमांहून अधिक भरते. ते दहा-बारा माणसांस सपाटीवर सहज ओढील, पण त्यास रुळांवर ठेवावयास कप्पी लागेल.

आता खरी अडचण पुढे येते. पितळ, पोलाद व तांबे ही कारागिराच्या इच्छेप्रमाणे लहान होतात. पाणी, वाफ आणि अग्नी होत नाहीत. मोठ्या इंजिनाच्या बॉयलरमधील सुमारे दोन इंच व्यासाची नळी १३.२ पटींनी लहान केली, तर ती चार मिलिमीटरांहूनही अरुंद होईल आणि काजळीने काही मिनिटांतच बुजेल. म्हणून जाणता कारागीर नळ्यांची संख्या घटवितो आणि व्यास वाढवितो. तसेच घनफळाच्या मानाने पृष्ठभाग तेरा पटींनी वाढल्यामुळे लहान बॉयलरमधील प्रत्येक लिटर पाणी आपली उष्णता तितक्याच वेगाने गमावू पाहते. सिलिंडरच्या थंड भिंतींस लागून वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते दट्ट्यापुढे अडून बसते. यावर उपाय म्हणजे बॉयलरभोवती उष्णतारोधक वेष्टन देणे आणि सिलिंडरकडे जाणारी वाफ पुन्हा तप्त नळ्यांतून फिरवून कोरडी करणे. नकाशा केवळ प्रमाणाने लहान करून इंजिन केले, तर ते दिसावयास सुबक होईल, पण चालणार नाही.

हे ज्ञान वादातून सिद्ध झाले आहे. इंग्लंडमध्ये १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक काढले. त्यात ‘एल्. बी. एस्. सी.’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लॉरेन्स यांनी असे प्रतिपादिले की, अगदी लहान इंजिनातही मोठ्या इंजिनासारखाच, अग्निपेटी व नळ्या असलेला, कोळशाचा बॉयलर उत्तम चालतो. व्यापारी कारखान्यांचा भर तेव्हा स्पिरिटच्या दिव्यावर चालणाऱ्या बॉयलरवर होता. वाद इतका विकोपास गेला की १९२४ साली दोन्ही पक्षांनी आपापली इंजिने रुळांवर आणली. लॉरेन्स यांचे ‘आयेशा’ हे अडीच इंची मापाचे इंजिन कोळशावर माणसास ओढून दाखवू लागले, तेव्हा वादास फारसे काही उरले नाही. पुढे कित्येक दशके त्यांनी घरगुती कारागिरांसाठी इंजिनाच्या प्रत्येक भागाची कृती सोप्या भाषेत लिहिली. हा छंद श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून कामगाराच्या पडवीत येण्यास ते लेखन मोठ्या अंशी कारण झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

बॉयलर तांब्याचा करतात आणि त्याचे काम म्हणजे आपल्या तांबटाचेच काम होय. पत्रा लाल होईतो तापवून पाण्यात बुडवावयाचा, म्हणजे तो मऊ पडतो. मग साच्यावर ठेवून कडा ठोकून वळवावयाच्या. ठोकता ठोकता तांबे पुन्हा कडक होते, तेव्हा पुन्हा भट्टीत. पोलाद असेच तापवून बुडविल्यास कठीण होते व तांबे नरम, ही गोष्ट नवख्यास नेहमी चकविते. सांधे मात्र कथिलाच्या डागाने जोडू नयेत. साडेपाच किलोग्रॅम दाबाची वाफ १६२ अंशांपर्यंत तापलेली असते. पाण्याची पातळी खाली जाऊन अग्निपेटीचा माथा उघडा पडला, तर कथिलाचा डाग वितळून जाईल. त्यासाठी ६०० अंशांहून अधिक तापमानास वितळणारा चांदीमिश्रित धातूचा डागच लागतो.

दाबाचे गणित कोणीही करून पाहावे. बॉयलर लहान म्हणून दाबही लहान, हा भ्रम आहे. दर चौरस सेंटिमीटरवर ५.६ किलोग्रॅम दाब असता, १२ सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद अशा अग्निपेटीच्या एका बाजूवर ६७२ किलोग्रॅम भार पडतो. सपाट पत्रा एवढ्या भाराने फुगून फाटेल, म्हणून त्यास दर दोन सेंटिमीटरांवर तांब्याच्या खिळ्यांनी बाहेरच्या पत्र्याशी जखडावे लागते. बॉयलर एकाएकी फुटला तर काय होईल? पाच लिटर तप्त पाण्यापैकी अर्ध्या लिटराहून अधिक पाणी तत्क्षणी वाफ होते आणि ती वाफ सुमारे ९०० लिटर जागा व्यापते. इंजिनामागे बसलेले मूल त्यापासून हातभर अंतरावर असते.

भारतातील बॉयलरविषयक कायदा १९२३ साली झाला. मूळ मर्यादेप्रमाणे पाच गॅलनांहून, म्हणजे २२.७५ लिटरांहून अधिक मोठे भांडेच त्यात बॉयलर मानले गेले. पुढे ही मर्यादा २५ लिटर झाली. २०२५ साली त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. परसातील इंजिनाचा बॉयलर बहुधा या मर्यादेच्या आतच राहतो. निरीक्षक तपासावयास येत नाही, म्हणून स्वतःच निरीक्षक व्हावे लागते. परीक्षा सोपी आहे. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरावा, हवेचा बुडबुडाही राहू देऊ नये, आणि हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दुप्पट दाब द्यावा. पाणी दाबले जात नाही. म्हणून सांधा उकललाच तर एक चिळकांडी उडते, स्फोट होत नाही. ही परीक्षा हवेने घेणे म्हणजे शुद्ध वेडेपणा होय. याखेरीज सुरक्षा-झडपा दोन असाव्यात. एक अडकली तर दुसरी उघडावी.

जबलपूरसारख्या ठिकाणी पाण्याचा विचार निराळा करावा लागतो. भेडाघाटचे संगमरवरी कडे ज्या प्रदेशात आहेत, तेथे विहिरीच्या पाण्यात चुनखडीचा अंश असणे स्वाभाविक आहे. तो नळ्यांवर थर देऊन बसतो, उष्णता अडवितो आणि धातू जाळतो. पागोळीखाली साठविलेले पावसाचे पाणी यासाठी फार उत्तम. कोळशाची अडचण त्याहून बिकट आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० टक्क्यांहून अधिक असते. मोठ्या इंजिनाचा आगवाला आगळ घालून जाळी मोकळी करी. पसाभर आगीच्या अग्निपेटीत राख साचली की विस्तव गुदमरतो. म्हणून चांगला निवडक कोळसा सुपारीएवढा फोडून, चाळून घ्यावा आणि जाळी वरचेवर हलवीत राहावे.

विस्तव पेटविण्याची रीत अशी. आधी काचेच्या नळीत पाणी दिसले पाहिजे. त्याशिवाय काडी ओढू नये. रॉकेलात भिजविलेला लोणारी कोळसा जाळीवर पसरून पेटवावा आणि धुराड्यावर लहानसा पंखा बसवून हवा ओढावी. दाब थोडा चढला की पंखा काढून इंजिनाचीच वाफ धुराड्यात सोडतात. इंजिन चालू लागल्यावर तर सिलिंडरमधून सुटणारी प्रत्येक वाफेची फुंकर धुराड्यातून वर जाताना आगीतून हवा खेचते. चढण आली की फुंकर जोराची होते आणि आग आपोआप भडकते. जितके काम अधिक, तितका विस्तव अधिक. ही योजना मोठ्या इंजिनाइतकीच लहान इंजिनातही अचूक चालते आणि ती कानांनी ऐकता येते.

चालविणारा मात्र सतत जागा असावा लागतो. मोठ्या इंजिनात पाणी अर्ध्या काचेवरून तळाशी यावयास बराच वेळ लागतो. येथे चढणीवर ते काही मिनिटांचे काम आहे. डोळा काचेवर, एक हात वाफेच्या दांड्यावर, दुसरा पंपावर, अशी स्थिती असते. फेऱ्या संपल्यावर आग पाडावी, दाब उतरू द्यावा आणि बॉयलर कोमट असतानाच रिकामा करावा. गाळ त्याबरोबर निघून जातो व आत राहिलेला ओलावा तांब्याच्या स्वतःच्याच उष्णतेने सुकतो.