तासापुरता विद्यार्थी

आमचे घराणे मास्तरांचे. आजोबा गावच्या शाळेत होते, वडील हायस्कुलात, आणि मी गेली वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवतो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतून धाकट्या बहिणीचा फोन आला आणि "दादा, आम्ही याला शाळेतून काढलं, आता मीच घरी शिकवणार," असे तिने सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच : "का? काय केलं त्यानं?" आपल्याकडे पोराचे नाव शाळेतून कमी होते ते एक तर फी थकली म्हणून, नाही तर पोराने काही पराक्रम केला म्हणून!

भाच्याने काहीच केले नव्हते. बारा वर्षांचा तो मुलगा बोलताना अडखळतो, इतकेच. मोठ्या शाळेत गेल्यावर वर्गातली काही मुले त्याची नक्कल करू लागली. पुढे त्याने वर्गात तोंड उघडणेच सोडले, आणि रोज सकाळी त्याच्या पोटात दुखू लागले. हे सारे ऐकूनही माझे मत बदलले नाही. शाळा म्हणजे काही नुसती पुस्तके नव्हेत, चार मुलांत मिसळल्याशिवाय मूल घडत नाही, असे मी बहिणीला बजावले. ती एवढेच म्हणाली, "दादा, तू ये आणि बघ."

पुढल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी गेलो. सिएटल शहराजवळ, वॉशिंग्टन राज्यात, त्यांचे घर आहे. खरे सांगायचे तर मी भांडणाची तयारी करूनच गेलो होतो. पण तिसऱ्या दिवशी सकाळी बहीण गाडीची किल्ली हातात घेऊन म्हणाली, "चल, याला शाळेत सोडून येऊ."

"कुठल्या शाळेत? नाव तर काढलंस ना?"

"त्याच शाळेत."

मी बुचकळ्यात पडलो. भाचा मात्र व्हायोलिनची पेटी पाठीला लावून गाडीत जाऊन बसलासुद्धा. तो रोज एका तासापुरता त्याच शाळेत जात होता, ऑर्केस्ट्राच्या वर्गाला. आणि आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीसाठी, म्हणजे बोलण्यातली अडखळ कमी करणाऱ्या शिक्षिकेकडे. बाकीचा दिवस घरी.

हे कसे जमते ते बहिणीने वाटेत सांगितले. तिकडे शाळा एखाद्या मंत्रालयातून चालत नाहीत. त्या त्या भागाचे स्कूल डिस्ट्रिक्ट असते. त्याचे मंडळ बहुधा लोकांनी निवडून दिलेले असते, आणि शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा तिथल्या घरादारांवरच्या करातून येतो. अशी सुमारे १३,००० डिस्ट्रिक्टे देशभर आहेत. घरी शिकवण्याचे नियम मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे.

वॉशिंग्टनने १९८५ साली कायदा करून घरच्या शिक्षणाला मान्यता दिली. दर वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत आईबापांनी डिस्ट्रिक्टला लेखी कळवायचे. शिकवणाऱ्याचे कॉलेजातले थोडे शिक्षण झालेले असावे, नाही तर त्यासाठीचा छोटा अभ्यासक्रम पुरा करावा, नाही तर शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवावे. गणित, विज्ञान, इतिहास, आरोग्य, अगदी कला-संगीताची गोडीसुद्धा धरून एकूण ११ विषय आहेत. वर्षातून एकदा परीक्षा, किंवा पात्र शिक्षकाकडून मूल्यमापन. निकाल आईबापांनी आपल्याजवळ ठेवायचा.

"परीक्षा घ्यायची आणि निकाल कपाटात ठेवायचा? हा कुठला न्याय?" माझ्यातला मास्तर उसळलाच.

"दादा, तू नेहमी निकालाच्याच बाजूने का असतोस रे?" बहीण म्हणाली. त्यावर मला चटकन उत्तर सुचले नाही.

या कायद्यातली खरी खुबी मात्र पुढे आहे. असे मूल आपल्या भागातल्या सरकारी शाळेत एखाद-दुसऱ्या विषयापुरते नाव घालू शकते, आणि शाळेने त्याला घेतलेच पाहिजे. स्पीच थेरपीसारख्या सोयीही त्याला मिळतात. शाळेच्या संघातून तो खेळूही शकतो. आणि जितके तास मूल शाळेत येईल, त्या प्रमाणात राज्याकडून शाळेला पैसा मिळतो. त्यामुळे अशा मुलाचे शाळेला ओझे वाटत नाही.

पैशाची ही सोय नसली की काय होते, हेही तिथेच कळले. ओक्लाहोमा राज्यात एका घरी शिकणाऱ्या मुलीला शाळेतले थोडे तास हवे होते. शाळेच्या मंडळाने नियम केला की यायचे तर पूर्ण वेळ या; कारण अर्धवेळ विद्यार्थ्यासाठी राज्य पैसा देत नाही. प्रकरण कोर्टात गेले. १९९८ साली फेडरल अपील कोर्टाने मंडळाच्या बाजूने निकाल दिला. उलट फ्लॉरिडाने १९९६ सालीच घरच्या मुलांना शाळेच्या संघात खेळण्याची मुभा दिली. टिम टीबो नावाचा असाच एक घरी शिकलेला मुलगा तिथे शाळेच्या संघातून खेळला आणि २००७ साली कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मानाचा हाइझमन करंडक घेऊन गेला. इतर राज्यांतल्या तसल्या कायद्यांना लोक त्याच्याच नावाने ओळखू लागले. व्हर्जिनियात मात्र तो मसुदा गव्हर्नरांनी २०१५, २०१६ आणि २०१७ अशी तीन वर्षे ओळीने परत पाठवला.

विरोध करणारांचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नाही. शाळेतला मुलगा नापास झाला की संघातून जातो. घरच्या मुलाला गुण देणार त्याची आईच! शिवाय ज्यांना शाळेचे नियम नकोत त्यांना शाळेचे मैदान तेवढे का हवे? आणि सर्वांत गंभीर मुद्दा असा की, टेक्साससारख्या राज्यात घरी शिकवतो हे कळवण्याचेही बंधन नाही. सगळीच घरे काही माझ्या बहिणीच्या घरासारखी नसतात. एखादे मूल चार भिंतींआड दुःखात असेल, तर ते कुणाच्या दृष्टीला पडायचे? २०१९ साली घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १५ लाख होती. तेव्हा हा प्रश्न काही लहान नाही. पण मला वाटते, त्याचे थोडे उत्तर त्या एका तासातच आहे. दार अर्धे उघडे असले, तर निदान एक शिक्षक त्या मुलाचा चेहरा रोज पाहतो.

त्या दिवशी आम्ही त्याला न्यायला गेलो तेव्हा तो व्हरांड्यात एका मुलाशी बोलत होता. एका शब्दावर अडला. मान वर, डोळे मिटलेले. बहिणीने गाडीचे चाक घट्ट धरले. समोरचा मुलगा हसला नाही, शब्दही पुरवला नाही, नुसता थांबला. मग शब्द आला आणि दोघे हसले. घरी येईपर्यंत आम्ही बहीणभाऊ काही बोललो नाही.

मला त्या वेळी दुसराच एक मुलगा आठवत होता. काही वर्षांपूर्वी माझ्या अकरावीच्या वर्गात असाच अडखळणारा एक विद्यार्थी होता. त्याला संकोच नको म्हणून मी त्याला धडा वाचायला सांगणे सोडून दिले. ही आपली दया, असे मला वाटे. हळूहळू तो यायचाच बंद झाला. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसण्यासाठी आमच्याच कॉलेजात आला. आम्ही त्याचे कागद तपासले, फी घेतली, वेळेवर हॉल तिकीट दिले. नियमाप्रमाणे सारे यथास्थित झाले. फक्त वर्गातला एक तास आम्ही त्याला देऊ केला नाही. त्याने मागितला नाही आणि मला सुचले नाही.

आपला सतरा नंबरचा फॉर्म ही मोठी उपकारक सोय आहे. नोकरी करणारी, लग्न झालेली, मध्येच शिक्षण सुटलेली कितीतरी मुलेमुली त्यावर दहावी-बारावी झाली आहेत. पण ती सोय परीक्षेला बसण्याची आहे, वर्गात बसण्याची नव्हे.

परत आल्यावर मी प्राचार्यांना विचारले, "सतरा नंबरच्या मुलांना माझ्या मराठीच्या तासाला बसू दिले तर?" ते म्हणाले, "तशी पद्धत नाही. हजेरीपटावर नाव कुठे घालणार?" मी म्हटले, "हजेरी नको, नुसते बसू द्या." ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "लेखी अर्ज द्या."

अर्ज दिला आहे. उत्तर अजून यायचे आहे. दिवाळीची सुटी संपली की पुन्हा जाऊन विचारीन.