‘फार वेगात’ म्हणजे किती?

बोरसीच्या एखाद्या मोटारचालकावर बेदरकारपणे वाहन हाकल्याचा आरोप येऊन त्याला दुर्गच्या न्यायालयात उभे राहावे लागले, की ‘गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो’, असे सांगणारे हितचिंतक भेटतातच. ज्याचे पोट परवान्यावर चालते, त्याने हा सल्ला घाईने मानू नये.

कर्नाटकात १९८२ मध्ये एक मालमोटार नाला ओलांडताना उलटली व १५ माणसे मृत्युमुखी पडली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी चालकास दोषी ठरविले. उच्च न्यायालयाने सोडले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम केली. गाडी फार वेगात होती, असे साक्षीदार सांगत; पण फार म्हणजे किती, हे एकालाही सांगता आले नाही. वाहन तपासणाऱ्या निरीक्षकाची साक्षही सरकार पक्षाने घेतली नव्हती. मग यंत्रातील बिघाड नाकारायचा कशाच्या बळावर? मृतांच्या आप्तांना हा निकाल कडू वाटला असेल. परंतु दोष सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावरच असतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणेही, यंत्राच्या नोंदीचा आधार नसेल तर एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर वेगमर्यादाभंगाची शिक्षा देता येत नाही. तेव्हा कबुलीपूर्वी वकिलामार्फत कागद पाहावेत: वेग कशाने मोजला, ब्रेक कोणी तपासले, आणि जागीच ताकीद दिली नसल्यास १४ दिवसांत लेखी सूचना निघाली होती काय.