नेट गेलं तरी टपाल हाताशी

चिखली तालुक्यातल्या आमच्या गटाच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. नेट गेलं आणि बँकेचं पत्र उघडलंच नाही. कर्जाचे कागद द्यायची तारीख हुकली. तेव्हा आलेली पत्रं कॉम्प्युटरवरच उतरवून ठेवणारा प्रोग्रॅम शोधला. थंडरबर्ड, इव्होल्यूशन, क्लॉज मेल, तिन्ही फुकट. क्लॉज मेल सर्वांत हलका, पण त्यात साधा मजकूरच लिहिता येतो. पहिल्या दोन्हींत कॅलेंडरही आहे. आम्ही थंडरबर्ड घेतला. हप्त्यांच्या तारखा त्यातच टाकल्या.

खातं जोडताना 'आयमॅप' निवडा. पत्रं सर्व्हरवरही राहतात, मोबाइलवरही दिसतात. 'पॉप'मध्ये ती सर्व्हरवरून पुसली जाऊ शकतात. आणि कॉम्प्युटरला पासवर्ड लावाच, कारण आता गटाचं टपाल त्याच्या पोटात आहे.