टिअरड्रॉप ट्रेलर घरी बनवायचाय? आधी वजन कुठे बसणार ते ठरवा

गाडीच्या मागे जोडलेली एक बुटकी पेटी. पुढून गोलसर, मागे निमुळती होत गेलेली, बाजूने पाहिली तर आडव्या पडलेल्या पाण्याच्या थेंबासारखी. आत दोन माणसांपुरती गादी, आणि उंची इतकी कमी की नीट बसता येतं, उभं राहता येत नाही. मागचं झाकण वर उचललं की त्याखाली स्वयंपाकाचा ओटा. अमेरिकेत याला टिअरड्रॉप ट्रेलर म्हणतात आणि तिथे हौशी लोक तो आजही आपल्या गॅरेजमध्ये स्वतः बनवतात.

हा प्रकार १९३०च्या दशकातला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याला खरा बहर आला. पॉप्युलर मेकॅनिक्ससारख्या मासिकांनी त्याचे आराखडे छापले आणि हातात करवत धरता येणाऱ्या कुणालाही तो बनवता येऊ लागला. पुढे गाड्या मोठ्या झाल्या, संडास-बाथरूम असलेले लांबलचक ट्रेलर आले आणि टिअरड्रॉप मागे पडला. इंटरनेट आल्यावर जुने आराखडे पुन्हा हातोहात फिरू लागले.

नवशिक्याला तो झेपतो याचं एक साधं कारण म्हणजे त्याचं माप. प्लायवूडचा प्रमाण तक्ता ४ फूट बाय ८ फुटांचा असतो आणि नेहमीचा टिअरड्रॉपही साधारण ४ फूट रुंद, ८ फूट लांब. दोन तक्ते उभे केले की दोन बाजू, एक आडवा टाकला की जमीन. नळाची जोडणी नाही, सांडपाण्याची टाकी नाही. सांगाडा आणि चाकं बहुतेक जण तयारच विकत घेतात, आणि पहिल्या वेळेला तेच शहाणपणाचं. वेल्डिंग येत असेल तरी ते शिकण्याची जागा ही नव्हे.

गाडी उलाळ कशी होते?

पहिल्यांदा बनवणाऱ्याचं मन सहसा रमतं ते आकारात आणि कपाटांत. पण ट्रेलर रस्त्यावर नीट वागेल की नाही, हे लाकूड कापायच्या आधी कागदावर ठरतं.

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की पुढची दांडी वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून उठतं. याला गाडी उलाळ होणं म्हणतात. उलट माल फार पुढे आला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जाणता गाडीवान थोडंसं वजन जुवावर राहील असा माल लावतो. टिअरड्रॉपही दोन चाकांचाच, त्यामुळे हिशेब तोच. फरक वेगाचा आहे. बैलगाडी उलाळ झाली तर ती जागीच कलते. ताशी ९० किलोमीटरने जाणारा ट्रेलर उलाळ असेल तर तो शेपूट हलवू लागतो. शेजारून ट्रक गेला किंवा आडवा वारा लागला की मागचा भाग एका बाजूला जातो, परत येताना मध्यावर न थांबता दुसऱ्या बाजूला आणखी जातो. ॲक्सलच्या मागे वजन जास्त असेल तर एका ठरावीक वेगानंतर ही झुलण दर फेरीला वाढत जाते आणि शेवटी पुढची गाडीही ओढली जाते.

यावर अमेरिकेत सर्रास पाळला जाणारा नियम असा: भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के वजन हूकवर पडलं पाहिजे. गंमत म्हणजे टिअरड्रॉपची रचनाच या नियमाच्या विरोधात जाते. स्वयंपाकघर मागे, म्हणजे शेगडी, भांडी, शिधा, बर्फपेटी, पाण्याचा कॅन, सगळी जड मंडळी ॲक्सलच्या मागे.

एक हिशेब करून पाहू. समजा हूकपासून ॲक्सल २७० सेंटिमीटरवर आहे. चाकांसह सांगाडा १५० किलो, त्याच्या वजनाचा मध्य हूकपासून २३५ सेंटिमीटरवर. लाकडी डबा १६० किलो, मध्य २४५ वर. गादी १५ किलो, २१० वर. मागची कपाटं ३० किलो, ३३५ वर. शिधा, शेगडी वगैरे ४० किलो, बॅटरी २० किलो आणि पाणी २० किलो, हे तिन्ही ओट्यापाशी ३४० वर. एकूण ४३५ किलो. आता प्रत्येक वस्तूचं अंतर २७० मधून वजा करायचं, उरलेल्या आकड्याला तिच्या वजनाने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि २७०ने भागायचं. ॲक्सलच्या मागच्या वस्तूंचा आकडा उणे येतो, तो उणेच धरायचा. उत्तर येतं हूकवरचं वजन: सुमारे साडेनऊ किलो. म्हणजे जेमतेम २ टक्के. दिसायला देखणा असला तरी हा ट्रेलर महामार्गावर नेण्याच्या लायकीचा नाही.

आता एकही वस्तू न काढता फक्त जागा बदलू. बॅटरी पुढच्या दांडीवर पेटीत ठेवली, हूकपासून ९० सेंटिमीटरवर, तर हूकवरचं वजन २८ किलो होतं. पाण्याचा कॅन मागून काढून गादीच्या पुढच्या टोकाखाली, १५० वर आणला की ४२ किलो. १५ किलोचं जादा चाक बॅटरीशेजारी लावलं की ५२ किलो, म्हणजे एकूण ४५० किलोंच्या साडेअकरा टक्के. परतीच्या वाटेवर पाणी संपलेलं असलं तरी ४३ किलो उरतात, म्हणजे १० टक्के. पाणी पुढे ठेवणाऱ्याने ही शेवटची बेरीज करायलाच हवी, कारण पुढचं वजन कमी झालं की गाडी पुन्हा उलाळीकडे झुकते.

ट्रेलर तयार झाल्यावर हेच मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. सपाट जमिनीवर, प्रवासाला निघताना भरतो तसा ट्रेलर भरायचा, चाकांना अडण लावायची, हूकची वाटी नेहमीच्या उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करायचा आणि आकडा वाचायचा. तुमच्या गाडीचा हूक किती वजन सोसतो आणि गाडी किती ओढू शकते, हे तिच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. हे दोन आकडे वेगळे आहेत, दोन्ही पाहा.

आणि तरीही ट्रेलर झुलू लागला तर? ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. गाडीचा ब्रेक जोरात दाबला की मागचा ट्रेलर गाडीला ढकलतो. झुलण सावरायला स्टिअरिंग उलटसुलट फिरवणंही तितकंच वाईट.

पाणी कुठून शिरतं?

घरगुती ट्रेलर अपघाताने मोडतात त्यापेक्षा कुजून जास्त मरतात. प्लायवूडचा पृष्ठभाग रंगाने सहज सांभाळता येतो. धोका असतो तो कापलेल्या कडांना. तिथे लाकडाच्या शिरा उघड्या असतात आणि वातीसारखं पाणी ओढून घेतात. म्हणून खिडकी, दार, दिव्यांच्या वायरी, जिथे जिथे भोक पाडलं असेल तिथली कड पॉलियुरेथेन वॉर्निश टर्पेंटाइनने पातळ करून दोन-तीन वेळा पाजून घ्यावी. पातळ वॉर्निश आत मुरतं, जाड वॉर्निश वरवर बसतं. जमिनीच्या खालच्या बाजूला तर हे आधी करावं, कारण सांगाड्यावर डबा चढवल्यावर तिथे हात पोहोचत नाही.

छत आणि बाजू जिथे मिळतात त्या कडेवर ॲल्युमिनियमची काटकोनी पट्टी येते. तिच्याखाली ब्युटिल टेप लावावी. ती वर्षानुवर्षं मऊ राहते आणि लाकूड फुगलं-आकसलं तरी तिच्याबरोबर हलते. घरातलं सिलिकॉन मात्र टाळा. त्यावर रंग चिकटत नाही आणि एकदा सुटलं की त्याचा अंश पूर्ण निघत नाही, म्हणून पुन्हा सील करणं जिकिरीचं होतं.

सर्वांत अवघड भाग म्हणजे मागचं वक्र झाकण. प्लायवूडच्या फासळ्यांवर पातळ तक्ता वाकवून चिकटवला की तो पुन्हा सरळ व्हायला बघतो. साच्यातून काढल्यावर झाकणाचा वळसा थोडा उघडतो आणि खालच्या कडेला फट राहते. अनुभवी मंडळी फासळ्यांचा वळसा मुद्दाम किंचित जास्त कापतात आणि आतून-बाहेरून दोन्हीकडे तक्ता चिकटवतात. दोन कातड्या एकमेकींना धरून ठेवतात, मग झाकण हलत नाही.

झोपेतली हवा

फटी बुजवण्याच्या उत्साहात एक गोष्ट विसरते. आतली जागा जेमतेम अडीच घनमीटर, म्हणजे अडीच हजार लिटर. माणूस झोपेत तासाला साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. दोघांचे २४. डबा पूर्ण बंद असेल तर एका तासात आतल्या हवेत त्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास जातं. बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्के असतं. म्हणून दोन वाटा हव्यात, एक खाली, एक वर, आणि त्या रात्री पूर्ण बंद करता येऊ नयेत. अमेरिकेत छताला १४ इंची चौकोनी झरोका आणि त्यात छोटा पंखा बसवायची पद्धत आहे. त्याने पहाटे छताला सुटणारा घामही कमी होतो.

शेगडी बाहेर असण्याचं कारणही हेच. थंडीत आत गॅस किंवा कोळसा पेटवण्याचा मोह होतो, पण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आत त्याचा अलार्म लावाच, कारण शेजारी कुणी जनरेटर चालवत असेल तर तो धूरही झरोक्यातून येतो. बॅटरी बाहेर ठेवण्याचा इथे दुसरा फायदा: शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते.

दिव्यांबद्दल थोडक्यात. ते मिणमिणू लागले किंवा इंडिकेटरबरोबर भलताच दिवा लागला, तर आधी अर्थिंगची वायर बघा. हूकच्या गोळ्यातून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहू नका, स्वतंत्र वायर ओढा.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये घरी बनवलेल्या ट्रेलरची नोंदणी करता येते. वजनाची पावती, सांगाड्याच्या खरेदीचे कागद आणि काही ठिकाणी तपासणी लागते. अनेक राज्यांत ३,००० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक सक्तीचे नाहीत, काहींत ही मर्यादा बरीच खाली आहे. ब्रिटनमध्ये ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोंपेक्षा किंवा ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनापेक्षा जास्त चालत नाही. भारतात १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, म्हणजे बिननोंदणीचा ट्रेलर रस्त्यावर आणता येत नाही, आणि एकट्यादुकट्याने घरी बनवलेल्या ट्रेलरसाठी अमेरिकेसारखी सरळ वाट इथे नाही. महाराष्ट्रात कुणाच्या मनात असेल तर पहिला तक्ता घेण्याआधी आरटीओत चौकशी करावी. लाकूड परत करता येत नाही.

एक बारीकसा मुद्दा परदेशातून सुटे भाग मागवणाऱ्यांसाठी. अमेरिकी हूकचा गोळा बहुधा २ इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, तर युरोपातला ५० मिलिमीटर. हाताला दोन्ही सारखेच लागतात. पण युरोपी वाटी अमेरिकी गोळ्यावर नीट बसत नाही आणि उलट जोडी सैल राहते. दोन्ही भाग एकाच मापाचे घ्या, आणि सुरक्षा साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देत लावा, म्हणजे हूक सुटला तरी दांडी रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते.

पहिली सहल घराजवळचीच ठेवा. २०-२५ किलोमीटर गेल्यावर थांबून दोन्ही चाकांच्या मध्यभागी हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. एक बाजू हात टेकवेना इतकी तापली असेल तर तिथलं बेअरिंग घट्ट आवळलं गेलंय किंवा ग्रीस कमी पडलंय. मग चाकांचे नट पुन्हा एकदा पान्याने कसा, कारण नव्या चाकांचे नट पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडे सैल होतात.