तणातली माणसं... नव्हे, फुलं!

खुरपं हातात घेतलेल्या माणसाला जे रोप नको असतं, त्याला आपण तण म्हणतो. या एका शब्दापायी कितीतरी फुलं आपल्या अंगणातून हद्दपार झाली. तेरडा, सोनकी, कळलावी ही नावं अजून बोलण्यात आहेत. पण ती फुलं पाहायला पावसाळ्यात गाडी काढून घाटात जावं लागतं. खरं तर घरामागच्या चार फूट जागेतही ती येतात. साताऱ्याला मी ती लावतो, त्यावरूनच थोडं सांगतो.

सुरुवात तेरड्यापासून करावी. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ म्हणून आपण त्याची थट्टा केली. पण झाड आठवडेच्या आठवडे फुलत राहतं. पिकलेलं बोंड बोट लागताच फुटतं आणि बी दूर उडतं. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘इम्पेशन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थच अधीर! बोंड मुठीत झाकून फोडावं, बी कागदाच्या पुडीत ठेवावं आणि जूनमध्ये पावसाच्या तोंडावर पेरावं.

सोनकीचं बी पांढऱ्या केसांवर वाऱ्याने तरंगत जातं. ते पुरू नये, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरावं. खताचा हात आखडता ठेवावा. हलक्या मातीची सवय असलेली ही झाडं शेणखताने माजतात. पाला उदंड, फुलं मोजकी.

कळलावी कंदापासून लावतात. तिच्या पानांची टोकं वळून कुंपणाला धरतात आणि वेल वर चढते. फूल पिवळं-लाल, पेटल्यासारखं. मात्र ती सर्वांगाने विषारी, कंद तर फारच. घरात लहान मुलं असतील तर तिचा मोह टाळावा. पावसाळ्यानंतर वेल वाळते, तेव्हा पाणी तोडावं. कंद मातीत झोपलेला असतो.

रोपं मात्र कास पठारावरून उपटून आणू नका. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं हे पठार म्हणजे जांभ्यावरचा मातीचा पातळ थर. तिथली माती इतकी निकस, की ‘सीतेची आसवं’ ही इवली वनस्पती जमिनीतल्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून गुजराण करते. आपल्या खतावलेल्या कुंडीत तिचा निभाव लागत नाही.

मग परदेशी फुलं उपटून टाकायची का? मुळीच नाही. झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोकडचे, सदाफुली मादागास्करची. ‘बाग’ हा शब्द फारसीतून आला, ‘फूल’ संस्कृतातून. मराठीने दोघांना एकाच वाफ्यात वाढवलं. झाड कुठून आलं यापेक्षा ते शेजाऱ्याला जागा देतं का, हे मी पाहतो. अमेरिकेकडून आलेली घाणेरी आणि गाजरगवत ही जागा देत नाहीत, म्हणून ती काढायची. उलट कुंपणाकडेची रुई राहू द्यायची. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिची पानं खाऊन वाढतात आणि तिच्या चिकातलं विष अंगात साठवून पक्ष्यांपासून वाचतात. रुई गेली, की त्या अळ्यांचं ताटच गेलं.

माणसांचंही असंच काही जातं. आमच्याकडे रस्ते रुंद झाले, कडेचे बांध गेले. भाद्रपदात शेजारच्या वहिनींना गौरीसाठी तेरडा मिळेनासा झाला. आता त्या आमच्या दारी येतात. आमची मंडळी खुरप्याने माती सैल करून रोपं हळूच उचलून देतात. मूळ तुटू द्यायचं नसतं, कारण गौर मुळांसकट घरात जाते. जाण्याआधी दोन-चार रोपं वहिनी मुद्दाम जागेवर राखतात, पुढच्या वर्षीच्या बियांसाठी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)